तिसऱ्या मजल्यावरची कडी

जिना

गाठोडं सुटलं आणि कल्पनाचा सगळा संसार जिन्यावरून खाली घरंगळला... चादर, डबा, एक चप्पल. तवा एका माणसाच्या पायाशी जाऊन थांबला.

"अगं बाई," ती पुटपुटली.

त्याने वर पाहिलं. "मराठी?"

"तवा द्या आधी."

"रोज घर पाठीवर घेऊन निघता?"

फरीदाबादमधली ही इमारत एका ट्रस्टची. फुटपाथवर दिवस काढलेल्यांना इथे स्वस्त भाड्यात एकेक खोली मिळते, सावरायला मदतही मिळते. कल्पनाला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. सवय मात्र रस्त्याचीच राहिली होती. मागे ठेवलेली वस्तू संध्याकाळी सापडत नाही. म्हणून दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात काज-बटणं करायला जाताना ती सगळं घेऊनच निघायची.

तिने त्याच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं. "आणि यात काय?"

"कुकर," तो ओशाळला. "आणि... उशी."

ती हसली. इतक्या दिवसांनी, की गाल दुखले.

गच्ची

त्याचं नाव उल्हास, गाव जळगाव. टेम्पो चालवायचा. अपघातात पाय अधू झाला, मग काम गेलं, मग भाड्याची खोलीही गेली. रविवारी दोघं गच्चीवर कपडे वाळत घालत.

"अच्छा, भरीत येतं तुम्हाला?"

"येतं. पण वांगी इथली. जबाबदारी माझी नाही."

"बहाणे आत्तापासूनच?"

"आत्तापासून म्हणजे? पुढे काय आहे?"

तिने ओला टॉवेल झटकला. थेंब त्याच्या तोंडावर — मुद्दाम.

दुसरा मजला

इथे काही घडलं नाही. संध्याकाळी परतताना दोघं इथे दम खायला थांबत, भिंतीला टेकून.

ऑफिस

"लग्न करा, बिल्कुल करा," व्यवस्था पाहणाऱ्या सृष्टीताई म्हणाल्या. "पण जोडप्याला एकच खोली. दुसरी रांगेतल्या माणसाला द्यावी लागते."

उल्हास हसत बाहेर आला. कल्पना हसत नव्हती.

तिची खोली

"मी माझी सोडतो," तो जेवता जेवता म्हणाला. "इथेच राहू, तुमच्याकडे."

"मग ती माझी कुठे राहिली?" दिवसभराच्या थकव्याने तिचा आवाज बसला होता. "इतकी वर्षं उघड्यावर झोपले. कोण जवळ येईल, काय करेल... आता आतून कडी लावते. कुणाला आत घ्यायचं ते मी ठरवते. इतक्यात वाटून घ्यायला सांगू नका."

"म्हणजे नाही."

"म्हणजे मला तुम्ही हवे आहात. आणि खोलीही."

"लग्नाशिवाय? लोक काय म्हणतील?"

"फुटपाथवर होतो तेव्हा कोण काय म्हणालं?"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "वाईट वाटलं मला."

"वाटू दे. मलाही वाटतंय. पण..."

ते 'पण' तसंच राहिलं. भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला होता.

जाग आली तेव्हा ताटं धुतलेली होती. दार लोटलेलं. तिने ते ओढलं, तर उल्हास बाहेर, चौकटीला पाठ लावून, अधू पाय लांब करून बसलेला.

"गेला नाहीत?"

"कडी आतूनच लागते ना. उघडं टाकून कसा जाऊ?"

त्याच्या खांद्याला चुना लागला होता. तिने तो हलकेच झाडला... हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

"थांबाल अजून थोडं? झोप पुरी नाही झाली."

"झोपा."

ती आत गेली, दार लोटलं आणि कडी न लावताच आडवी झाली.