ध्यानखोली रिकामी आहे

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट, आजवर वगळतच आले.

मार्चमधला मंगळवार होता. आमचं छोटं हॉटेल स्तूपाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उतरणारे बहुतेक बौद्ध यात्रेकरू. त्यांच्यासाठी तळमजल्यावर ध्यानखोली आहे. खिडकी नाही. भिंतींना आणि दाराला जाड अस्तर.

पर्यावरणस्नेही हॉटेलचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून मी तिथे सेन्सर बसवले. कोण कुठे हलतंय ते काउंटरवरच्या पॅनलवर ठिपक्याने दिसतं. हालचाल थांबली की दिवे बंद.

ध्यानाला बसलेली माणसं हलणार कशी? मग बाबाच अधूनमधून आत जाऊन हात हलवून यायचे.

"तुझा दिवा भारी आगाऊ आहे," ते त्या दुपारी म्हणाले. "माणूस जरा स्वस्थ बसला की त्याला गेलाच समजतो."

"मग बसूच नका स्वस्थ."

आम्ही दोघंही हसलो.

रात्री पॅनलवर दिसलं, ध्यानखोली रिकामी. मी काउंटरवरूनच कुलपाचं बटण दाबलं. ते दाबलं की दार आतून उघडत नाही. आतली वीजही तुटते, हवा खेळवणारा पंखाही थांबतो.

सकाळी दार मीच उघडलं. एकटीने.

सगळ्यांना सांगितलं, बाबा ध्यानातच गेले. बसल्या जागी.

ते खरं नव्हतं.

"असं मरण भाग्याने येतं," लोक आईला म्हणायचे. त्या एका वाक्यावर ती उभी होती.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, मी आसनांचे अभ्रे बदलायला आत गेले. फोन नियमाप्रमाणे बाहेर ठेवला. दार मागे लागलं.

दिवे गेले.

मी हात हलवला. दोन्ही हात हलवले... अंधार तसाच.

मग दारात खट्ट झालं.

कुलूप.

मी दारावर मुठी आपटल्या. अस्तराने आवाज गिळून टाकला.

आणि मग... दिवे लागले.

वीज तुटलेल्या खोलीत.

दाराखाली बोटभर फट आहे. मी जमिनीवर आडवी झाले, फटीला तोंड लावलं आणि हाका मारत राहिले. बऱ्याच वेळाने पावलं आली. आमची रिसेप्शनिस्ट.

"ताई? तुम्ही आत? पॅनलवर खोली रिकामी होती, म्हणून मी कुलूप लावलं."

"असू दे. उघड आता."

ती काउंटरवर जाऊन परत आली. "बटण दाबूनही उघडत नाहीये. आणि आता पॅनल आत एक माणूस दाखवतंय..."

"मीच ती."

"दाराशी नाही, ताई. शेवटच्या आसनावर."

मी मागे वळून पाहिलं नाही.

ती आईला आणि दाराची किल्ली आणायला धावली. दिवे पुन्हा गेले.

मागे एक आसन सरकलं...

मग त्याच्या पुढचं...

मग त्याच्याही पुढचं.

बाहेर किल्ली खडखडली. "फिरत नाहीये गं," आईचा आवाज. "घाबरू नकोस, मी इथेच बसलेय. तुझे बाबा किती शांतपणे गेले तिथे. ती जागा वाईट नाही."

माझ्या पाठीशी कुणीतरी हळूच आडवं होत होतं. त्यालाही फटीपर्यंत यायचं होतं.

मी सरकून जागा दिली.

"आई," मी म्हटलं, "बाबा बसल्या जागी गेले नाहीत. इथे, दाराशी पडले होते. तोंड या फटीकडे होतं. आणि कुलूप मी लावलं होतं. आत न बघता."