वहिनीची ओतशाळा

"वहिनी!"

दारातून हाक आली... पण लांब दांड्याच्या पळीने धातू ओतणारी वहिनी थांबली नाही. थांबणं शक्यच नव्हतं! वितळलेल्या अॅल्युमिनियमची रुपेरी धार वाळूच्या साच्यात उतरत होती आणि ती मध्येच तुटली असती, तर गलोलीच्या बेचक्यात सांधा राहिला असता. रबर ताणलं की बेचकं नेमकं तिथेच मोडतं. काळजात कल्लोळ उठला तरी हात स्थिर ठेवायचा, हे या भट्टीनेच तिला शिकवलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरज तरी कुठे होती? तो आवाज तिने लाखांत ओळखला असता. तिची नणंद... किती वर्षांनी!

छपराच्या फटींतून दुपारचं ऊन तिरपं उतरलं होतं, त्यात वाळूची बारीक धूळ संथ तरंगत होती, आणि भट्टीवरची हवा पाण्यासारखी हलत होती. त्या हलत्या हवेत तिला ती चिमुरडी पुन्हा दिसू लागली. आईबापाविना वाढलेली पोर; दादाचा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य! वाळूच्या ढिगावर बसून दादाने ओतलेल्या गलोलीने रिकाम्या डब्यांवर नेम धरायची आणि नेम चुकला की डब्यालाच रागवायची.

आणि मग ती सकाळ. नवरा पिशवी भरून उभा होता. "माझं दुसरीकडे कुणीतरी आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "मी येणार नाही आता."

"आणि ती? तिला काय सांगू?"

"पोरीचं तू बघ. मला नाही जमायचं ते लोढणं..."

लोढणं! स्वतःवरचा घाव तिने सोसला असता. पण हा शब्द? संध्याकाळी पोरीने विचारलं, "दादा कुठंय?" आणि ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "मी घालवून दिलं. पटत नव्हतं आमचं." त्या एका वाक्याने ती पोरीच्या नजरेतून कायमची उतरली. अबोला, धुसफूस, आणि कळती झाल्यावर एक दिवस, "माझा दादा तोडलास तू! तुझं तोंड पाहायची नाही मी!" असं म्हणत पोरीने घर सोडलं. तिने अडवलं नाही. गेलेल्या पावलांकडे पाहत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू चाळायला बसली.

साचा भरला. तिने पळी खाली ठेवली.

"बाईसाहेब, पाहुणीला आत घ्या," कोपऱ्यात वाळू ठोकणारा म्हातारा मिस्त्री म्हणाला. "धातू आणि पाहुणा, ताटकळत ठेवला की गार पडतो!" आणि समजूतदारपणे, तंबाखूचं निमित्त काढून, तो बाहेर निघून गेला.

नणंद पुढे आली. डोळे सुजलेले होते.

"दादा भेटला मला. शोधून काढला मी त्याला. मोठं घर आहे, बायको आहे, मुलं आहेत... मी म्हटलं, वहिनीने तुला घालवलं ना? तर तो चकित झाला गं! म्हणाला, 'तिने सांगितलं नाही तुला? मीच गेलो होतो.' आणि मग... मग घड्याळ बघायला लागला. चहासुद्धा विचारला नाही, वहिनी!"

"बस आधी. उन्हातून आलीस..."

"बसणार नाही! का केलंस असं? का माझे शिव्याशाप गिळलेस?"

वहिनीने हाताची वाळू झटकली.

"दोघांपैकी एकावर तू रागावणारच होतीस," ती हळूच म्हणाली. "त्याच्यावर रागावली असतीस तर तुला कळलं असतं, की तो तुलाही टाकून गेलाय. माझ्यावर रागावलीस... तर निदान एक दादा तरी उरत होता तुझा. मी काय, परक्या घरची!"

"परकी?" नणंदेने हंबरडा फोडला आणि त्या राखाडी, वाळूने माखलेल्या पदराला मिठी मारली. "ताप आला की उशाशी कोण बसायचं? वेणी कोण घालायचं? परकी म्हणे!"

दोघींच्या अश्रूंना वाट मिळाली, तसं भट्टीचं घोंघावणंही कुठे दूर, स्वप्नात चालल्यासारखं वाटू लागलं.

"पण आता वहिनी तरी कशी म्हणशील?" डोळे पुसत वहिनी म्हणाली. "त्याने दुसरा संसार थाटला. ते नातं संपलंच की..."

"त्याचं संपलं असेल!" नणंद ताडकन म्हणाली. "भाऊ त्याचा तो गेला. वहिनी माझी आहे. ती त्याला कुणी नेऊ दिली?"

आणि पाहुणीसारखी आलेली ती, पदर खोचून, खुंटीवरचे हातमोजे काढायला वळली.