खिडकीतला समुद्र

अप्पांची पेटी हरवल्याचं कळलं, त्या दिवशी प्रदर्शनाची सगळी तयारी झाली होती. शारदाने पुठ्ठ्यांवर मथळे लिहिले होते. तिच्या धाकट्या भावाने, उत्तरेश्वरने, खळ शिजवून ठेवली होती. आणि त्यांचा दोस्त वीरप्पा याच्या मामांनी सोलापूरहून फोटो छापायचा कागद पाठवला होता. मे महिन्याच्या सुट्टीत कळंबच्या पोरांना समुद्र दाखवायचा, असा तिघांचा बेत होता.

समुद्र होता वीरप्पाच्या आजोबांकडे. त्यांचं नाव कल्याणप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. तरुणपणी ते कोकणात हर्णै बंदरावर फोटोग्राफर होते. उन्हाळ्यात मुंबईची बडी माणसं तिथं हवा खायला येत. अप्पा त्यांचे फोटो काढत आणि रिकाम्या वेळी गावाचे. वाळूवरचा मासळीचा लिलाव, होड्या ओढणारे कोळी, छत्र्या घेऊन बसलेल्या मडमा. ते फोटो काचेवर उतरत. काचेत पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं दिसे. तिला कागद चिकटवून उन्हात धरला की खरं चित्र उमटे.

अप्पांची बायको शिवम्मा त्या काचा धुवायची, वाळवायची. एका काचेवर ती स्वतः होती. घोटाभर पाण्यात उभी, हसत. तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. ती वारल्यावर अप्पांना काचांची ती पेटी घरात बघवेना, म्हणून त्यांनी ती गावच्या वाचनालयाला दिली.

"कसली पेटी?" वाचनालयाचे चिटणीस विष्णुपंत म्हणाले. "इथं पुस्तकं असतात."

"काचांची, काका. अप्पांनी दिवाळीत तुमच्याच हातात दिली," शारदा म्हणाली.

"त्यांना काय आठवतंय? बायको गेल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नाही. जा, खेळा जा."

वीरप्पा बाहेर आला तो दात आवळूनच. "माझ्या आज्याला येडं म्हणतो ह्यो."

त्याहून वाईट घरी झालं. अप्पांनी माळा उपसला, पलंगाखाली वाकून पाहिलं, कोनाडे चाचपले. मग उंबऱ्यावर बसून नातवाला विचारलं, "वीरू, खरंच दिली व्हती का रं म्या?"

वीरप्पा त्यांच्याजवळ बसला. ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या होड्यांची नावं पाठ होती, तो आता स्वतःवरच शंका घेत होता. आणि तिकडे वाचनालयात विष्णुपंत खुर्चीत बसून पान लावत होते.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा वाचनालयात गेली. शारदा आत कपाटं न्याहाळत होती. विष्णुपंतांच्या खुर्चीमागे पश्चिमेची खिडकी होती. तिच्या सगळ्या काचा काळसर, मधली एकच स्वच्छ. त्या स्वच्छ काचेतून तिला बाहेर उभा असलेला उत्तरेश्वर दिसला. तो तोंड वासून खिडकीकडे बघत होता. ती बाहेर धावली.

"ताई, खिडकीत भुतं हायत," तो कुजबुजला. "काळ्या तोंडाची. एका भुताच्या डोक्यावर हॅट हाय."

"भुतं कशाला हॅट घालतील?"

"मडमेचं भूत आसंल."

शारदाने काचेला डोळा लावला. काळं आभाळ, पांढऱ्या होड्या, पांढऱ्या केसांची पोरं. या तर अप्पांच्याच काचा होत्या. तेवढ्यात आतून शिपायाला हाक मारणारा विष्णुपंतांचा आवाज आला, "धोंडीबा, या काचांनी ऊन अडतं खरं, पण अंधार पडतो. आज संध्याकाळी सगळ्या सोड्याच्या पाण्याने घासून टाक."

"संध्याकाळी," तिच्यामागून बाहेर आलेला वीरप्पा म्हणाला. "आता सांगायला गेलो तर ह्यो आत्ताच घासायला लावंल."

"मग सांगायचंच नाही," शारदा म्हणाली. "दाखवायचं. उत्त्या, खळ आण. वीरप्पा, कागद. मी राघवेंद्र सरांना आणते."

राघवेंद्रराव हे निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. बिनकॅमेऱ्याचा फोटो बघायला मिळणार म्हटल्यावर ते जेवणानंतरची झोप सोडून आले. विष्णुपंत लगबगीने उठले. "सुट्टीत पोरांना काहीतरी चाळा हवा," ते हसून म्हणाले. "माझा काढा हो फोटो."

"तुमचाच निघणार हाय," वीरप्पा म्हणाला.

काळसर काचांना आतून कागद चिकटवले. बाहेर ऊन भाजत होतं. सगळे थांबले. कागदाच्या मागची बाजू पांढरीच होती. विष्णुपंतांनी जांभई दिली.

शारदाने पहिला कागद सोलला आणि सरांपुढे धरला. तांबूस रंगात वाळू उमटली होती. वाळूवर मासळीच्या पाट्या, टोपल्या घेतलेल्या कोळणी, मागे समुद्र आणि समुद्रात किल्ला.

राघवेंद्ररावांनी आधी कागद पाहिला, मग खिडकी. "विष्णुपंत, या काचा कुठल्या?"

"इथंच पडल्या होत्या, सर. खराब झालेल्या वाटल्या. सुतार आला होता, म्हटलं उपयोगात येतील."

"इथं पेटी नव्हतीच म्हणालात ना?" वीरप्पा म्हणाला. "माझ्या आज्याचं चित्त ठिकाणावर न्हाय म्हणालात."

विष्णुपंत खाली बघू लागले. टेबलाखाली त्यांच्या चपला एका लाकडी पेटीवर ठेवल्या होत्या. पेटीवर कल्याणप्पा असं नाव कोरलेलं होतं.

अप्पांना बोलावून आणलं. त्यांनी एकेक कागद हातात घेतला. मग ते खिडकीपाशी गेले आणि मधल्या स्वच्छ काचेवर बोट ठेवलं. "ही कुणी धुतली?"

"रस्ता दिसावा म्हणून," विष्णुपंत पुटपुटले. "एकच धुतली."

"बाकी समद्या हायत," अप्पा म्हणाले. "ती तेवढी न्हाय."

ती म्हणजे घोटाभर पाण्यात हसत उभी असलेली शिवम्मा. शारदाला आठवलं, सकाळी ती याच काचेतून बाहेर बघत होती.

राघवेंद्ररावांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांनी करायचं ते तुम्ही केलंत," ते म्हणाले. सुताराला बोलावून त्यांनी सगळ्या काचा उतरवायला लावल्या. अप्पांनी ती स्वच्छ काचसुद्धा मागून घेतली आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळली. निघताना ते वीरप्पाला म्हणाले, "म्या दिली व्हती बघ. मला बरोबर आठवत व्हतं."

प्रदर्शन झालं. कळंबच्या पोरांनी समुद्र पाहिला. विष्णुपंत अजून चिटणीस आहेत. राघवेंद्ररावांनी त्यांना अप्पांच्या घरी जाऊन माफी मागायला सांगितलं होतं, ती अजून मागितलेली नाही.