तिसऱ्या पानाची झेरॉक्स

"माझी नोकरी गेली म्हणून समज," आर्डिस क्वेल म्हणाली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

सकाळचे आठ वाजले होते. लेम्पी हाउक्कालानं आधी तिच्यापुढे कॉफी ठेवली. गावात खासगी तपासाचं काम करणारी लेम्पी एकटीच. कॉफी पोटात गेल्याशिवाय अशिलाला बोलतं करायचं नाही, असा तिचा शिरस्ता होता. तिचा जोडीदार गॉर्डी थॉर्सरूड शेजारी वेलदोड्याच्या पावाचा तिसरा तुकडा उचलत होता. तीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ काढायची संथ गाडी चालवून त्याची बुद्धीही त्याच वेगानं धावायला लागली होती.

आर्डिस काउंटी कोर्टाच्या दप्तरखान्याची प्रमुख. यंदा नवा नियम आला होता. जजविरुद्धच्या निकाली तक्रारी कुणाही नागरिकाला वाचायला द्यायच्या, त्याही मूळ कागदांसकट. झाकायचं ते फक्त तक्रारदाराचं नाव. काल त्याचा पहिला दिवस होता आणि पहिली फाइल होती जज मेरिल स्टेनर्सन यांची.

"संध्याकाळी पानं मोजली, बाराच्या बारा भरली," आर्डिस म्हणाली. "पण तिसरं पान, तक्रारीचं पत्र, ते मूळ नव्हतंच. झेरॉक्स होती. पंचिंगची भोकं होती, आणि त्यांच्या शेजारी दोन काळे ठिपके छापून आलेले. मूळ पानाच्या भोकांचे."

"मजकुरात काही फेरफार?"

"एका अक्षराचा नाही."

"मग रडतेस कशाला?" गॉर्डी म्हणाला. "वाचायला सगळं आहे की."

लेम्पीनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "गॉर्डी, आज तू फार कामाचं बोललास." आपण काय बोललो, ते गॉर्डीला कळलं नाही.

"अगं, बारा वाजता जजवरच्या तक्रारी बघणाऱ्या राज्याच्या मंडळाची निरीक्षक येतेय," आर्डिस म्हणाली. "मूळ पान नसलं, तर जजला वाचवायला मीच ते गायब केलं म्हणतील. पेन्शनला आठ महिने राहिलेत माझ्या."

"फाइल कुणी कुणी पाहिली?"

"नऊला जजसाहेब स्वतः. अकराला बर्नाडेट पेल्की, आपल्या साप्ताहिकाची संपादक. दोनला टोयवो आहो, साहेबांचा बेलिफ, म्हणजे कोर्टातला शिपाई."

"आणि नाव कुणी झाकलं?"

"मीच. जाड काळ्या मार्करनं, दोनदा गिरवून."

"मूळ पानावरच?"

"मग आणखी कुठं? मूळ पान दाखवा म्हणतो ना नियम."

लेम्पीनं कप खाली ठेवला आणि टोपी घातली.

दप्तरखान्यात दोन टेबलं होती. एक पूर्वेच्या खिडकीपाशी, दुसरं हीटरजवळ. वाचणाऱ्यानं फोन, पिशवी आणि कोट बाहेर खुंटीवर ठेवायचे. कोपऱ्यातलं झेरॉक्सचं मशीन आणि त्यावर ठेवलेलं पंचिंग मशीन कुणीही वापरावं.

बर्नाडेट बोलावल्याबरोबर आली. "मी कशाला चोरीन? मला तर ते छापायचंय," ती म्हणाली. "हे घे, बाराही पानांच्या झेरॉक्स. कालच काढल्यात."

लेम्पीनं तिसरं पान निरखलं. डाव्या कडेला चार काळे ठिपके होते. गॉर्डीनंही ते पाहिले आणि मशीनला शाई जास्त झाली असावी, असं मत दिलं.

जजसाहेब त्यांच्या खोलीत भेटले. "खिडकीशी बसून वाचलं मी. छान ऊन होतं," ते म्हणाले. "पत्रात खोटं काहीच नाही. तळ्यावर बर्फ चांगलं धरलं, की मी दोनलाच कोर्ट उठवायचो आणि बर्फाला भोक पाडून मासे धरायला पळायचो. एका आईला मुलाच्या ताब्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या. मंडळानं खरडपट्टी काढली, ती योग्यच होती. सहा वर्षं झाली, पाचच्या आत उठलेलो नाही."

"पत्र कुणाचं, ते कधी विचारलंत?"

"कधीच नाही," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

टोयवोचे कान लाल झाले होते. "एक मिनिट फाइल पाहिली नि निघालो. त्या मशीनला मी शिवतसुद्धा नाही, मागं माझा टाय ओढला होता त्यानं. जाऊ दे ना, लेम्पी. साहेबांना आता आणखी त्रास नको."

पावणेदहाला लेम्पीनं सगळ्यांना दप्तरखान्यात जमवलं.

"चोर कागद नेतो तो मजकूर लपवायला," ती म्हणाली. "या चोरानं मात्र मजकूर नीट झेरॉक्स काढून जागेवर ठेवला. म्हणजे तक्रार लपवायची नव्हती. मग मूळ पानात असं काय होतं, जे झेरॉक्समध्ये येत नाही?"

लेम्पीनं कोऱ्या कागदावर पेनानं 'गॉर्डी' लिहिलं, आर्डिसच्या मार्करनं दोनदा गिरवून काळं केलं आणि कागद खिडकीतल्या उन्हासमोर धरला. काळ्या पट्ट्यात 'गॉर्डी' स्पष्ट वाचता येत होतं.

"अगंबाई," आर्डिस पुटपुटली.

"झेरॉक्समध्ये नुसता काळा पट्टा येतो. नाव कायमचं झाकलं जातं. चोराला तेवढंच हवं होतं. आता बर्नाडेटची झेरॉक्स बघा. तिच्यात चार ठिपके आहेत. दोन मूळ पानाच्या भोकांचे, दोन नकली पानाच्या भोकांचे. म्हणजे अकरा वाजताच फाइलमध्ये नकली पान होतं. अकराच्या आधी इथं एकच माणूस येऊन गेला, तोही उन्हाच्या टेबलाशी बसून."

सगळ्यांनी जजसाहेबांकडे पाहिलं.

"पण साहेबांना त्यात काय फायदा?" गॉर्डीनं विचारलं.

"काहीच नाही. त्यांना नाव दिसलं, आणि पुढं बर्नाडेट येणार होती."

"मी नक्कीच उन्हात धरलं असतं," बर्नाडेट म्हणाली. तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

साहेबांनी आतल्या खिशातून घडी केलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. "आर्डिसला सांगितलं असतं, तर तिला स्वतःची चूक लिहून द्यावी लागली असती. म्हटलं, गुपचूप बदलावं. कुणाच्या लक्षात येतंय?"

"लोकांचं खोटं पकडण्यात जन्म गेला तुमचा," लेम्पी म्हणाली, "आणि स्वतःला एक धड जमत नाही."

"पण नाव कुणाचं आहे?" गॉर्डी म्हणाला.

"ते विचारायचं नसतं," साहेब म्हणाले.

"माझं आहे," टोयवो म्हणाला. त्याला साहेबांकडे बघवत नव्हतं. "ती बाई पायरीवर बसून रडायची, साहेब. तुम्हाला तोंडावर सांगायची छाती झाली नाही माझी."

"तोंडावर सांगितलं असतंस, तर मी हसण्यावारी नेलं असतं," साहेब म्हणाले. "लिहिलंस ते फार बरं केलंस, टोयवो."

"ते सगळं खरं हो," आर्डिस म्हणाली, "पण बाराला मी काय सांगू?"

साहेबांनी काउंटरवरचा तक्रारीचा छापील फॉर्म ओढला आणि लिहायला बसले. तक्रार कुणाविरुद्ध: मेरिल स्टेनर्सन. तक्रारदार: मेरिल स्टेनर्सन. सार्वजनिक दप्तरातलं मूळ पान मी नेलं, प्रमुखांना त्याची कल्पना नव्हती. नाव गुप्त ठेवायचं का, यापुढं त्यांनी 'नाही' लिहिलं. आर्डिसनंही आपली मार्करची चूक वेगळ्या कागदावर कबूल केली आणि मूळ पान लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केलं.

बाराला आलेल्या निरीक्षकबाईंनी सगळ्यांसमोर दोन्ही कागद दोनदा वाचले. "काम करता करता अशी चूक होते," त्या आर्डिसला म्हणाल्या. "यापुढं झेरॉक्सवर काळं करा. तुमच्या नोकरीला काही होत नाही." आर्डिसनं सकाळपासून अंगावरच असलेला कोट काढला. मग बाई फॉर्मकडे वळल्या. "इथं साक्षीदाराची जागा रिकामी आहे. साक्षीदाराचंही नाव झाकता येतं बरं का."

टोयवोनं पेन घेतलं. पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता ठसठशीत अक्षरात लिहिला आणि फॉर्म बर्नाडेटपुढं सरकवला.

"हे छाप," तो म्हणाला.