पिवळ्या कालवणाचं गाव

पहिला घास पोटात गेला आणि त्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

लमाई हातातली पळी तशीच धरून बघत राहिली. दक्षिणेतल्या फत्थलुंग गावच्या तळ्याकाठी, विहाराच्या फाटकासमोर ती आणि तिची यिआन मावशी भात-कालवणाचं दुकान चालवत. पातेली पुष्कळ होती, पण नाव होतं ते माशाच्या आंबट पिवळ्या कालवणाचं. ओली हळद, सुकी मिरची, खारवलेल्या कोळंबीचा लगदा आणि बांबूचे कोवळे कोंब. गावातली पोरंसोरंही ते भुरके मारत खात. पण हा माणूस...

तिनं काकडी आणि कच्च्या शेंगांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. "मधे मधे काकडी खा. नाहीतर, वरून साखर घालून देऊ?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. बाहीवर लाकडाचा भुसा होता. तो डोळ्यांत गेला आणि आणखीच धार लागली.

"नको," तो म्हणाला. "मी जरा रडकाच आहे. कालवण मात्र... फार छान आहे."

"कुठले तुम्ही?"

"नानचा. वर... अगदी वर, उत्तरेकडचा." त्याचं बोलणं सावकाश, प्रत्येक शब्द थोडा ओढून धरलेला. दक्षिणेत माणसं वाक्यं चटाचट तोडून बोलतात. लमाईला वाटलं, ह्याचं वाक्य संपेपर्यंत माझा भात शिजून होईल.

त्याचं नाव इनथा. विहारात नवा मंडप उभा राहत होता आणि त्याच्या दोन मोठ्या दारांवर नक्षी कोरायला मोठ्या भिक्खूंनी त्याला बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पुन्हा पिवळं कालवण. पुन्हा डोळ्यांना पाणी.

"नक्षीवाले, आज भोपळ्याची भाजी घ्या. गोड आहे," लमाई म्हणाली.

"काल जे जमलं नाही, ते आज जमवायचंय."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर उद्या यावं लागेल," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जेवायला लागला.

मावशी आतून खोकली. तो खोकला खोकल्यासारखा मुळीच नव्हता.

असे दिवस चालले. हळूहळू तो कमी रडायला लागला आणि जास्त बोलायला. आपल्याकडे चिकट भात कसा बोटांनी मुटका करून खातात, थंडीत आई टोमॅटो आणि खिम्याची लाल चटणी कशी करते, ते तो सांगे. सांगताना त्याची नजर दूर कुठंतरी जाई. लमाईला ती नजर आवडे, आणि ती इतक्या लांब जाते म्हणून जिवाला लागेही.

एकदा तिनं न सांगता ती चटणी केली. चिकट भातही उकडला. ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि फडक्यानं उगाचच टेबल पुसत उभी राहिली. इनथानं भाताचा मुटका केला, चटणीत बुडवला, चावला... आणि थांबला.

"ह्यात हळद आहे."

"थोडीशीच."

"आणि कोळंबीचा लगदा."

"हात सवयीनं गेला हो. वाईट झालीय का?"

"ही आमच्याकडची चटणी नाही," तो सावकाश म्हणाला. "तुमच्याकडचीही नाही."

"मग कुणाची म्हणायची?"

त्यानं दुसरा मुटका केला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आपली."

लमाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दुपारी तिनं दोन गिऱ्हाइकांना भलतीच कालवणं वाढली.

पहिलं दार झटपट झालं होतं. दुसरं मात्र काही केल्या संपेना. "एका पाकळीला आठवडा लागतो का रे?" मोठे भिक्खू विचारायचे. इनथा म्हणायचा, लाकूड कठीण आहे. पण पहिल्या दाराचं लाकूडही तेच होतं. शेवटी दुसरं दारही संपलं. मंडप उघडायच्या दिवशी सारा गाव जेवला. वाढून वाढून लमाईचे हात भरून आले. मग इनथा पाठीवर पिशवी टाकून दुकानाशी आला.

"निघतो. आई तिकडे... एकटीच आहे."

"हो. जायलाच हवं."

"कालवणाचं वाटण बांधून द्याल?"

तिनं केळीच्या पानात दिलं. देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली. तो काहीतरी बोलणार होता... तीही बोलणार होती. तेवढ्यात स्टेशनकडे जाणारी गाडी आली.

मग दुपार झाली की लमाईची नजर फाटकाकडे जाई. भुशानं भरलेली बाही दिसायची नाही. चटणी मात्र ती रोज करी.

"ही चटणी गिऱ्हाइकं खात नाहीत, मी खात नाही, तूही खात नाहीस," एक दिवस मावशी म्हणाली. "मग कुणासाठी करतेस गं?"

लमाई कांदे चिरत नव्हती, तरी डोळे भरले.

वर्ष सरत आलं तसं तळं फुगलं. पाणी दुकानात शिरलं, चुली विझल्या. मावशीनं पातेली माळ्यावर चढवली आणि म्हणाली, "दुकान बंदच आहे. जाऊन ये."

"कुठं?"

"मला विचारतेस? जा. मी काही पाण्यात वाहून जात नाही."

आधी आगगाडी, मग डोंगरातली बस. नानच्या पुढे त्याचं गाव आलं तेव्हा सकाळ होती आणि धुकं इतकं दाट, की घर विचारत विचारत जावं लागलं. एका लाकडी घराच्या ओट्यावर एक बाई चिकट भाताची टोपली वाफेवरून उतरवत होती. लमाईचं चटाचट बोलणं ऐकताच तिनं टोपली खाली ठेवली.

"तू पिवळ्या कालवणाच्या गावची?"

"हो. इनथा आहेत का?"

"अगं पोरी," बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "तो परवाच निघाला. तुमच्याकडे."

लमाई मटकन ओट्यावर बसली.

"मी एकटी आहे म्हणून परत आला, असं सांगत होता ना?" म्हातारी म्हणाली. "मी कुठली एकटी! थोरली लेक शेजारीच आहे, नातवंडं दिवसभर इथंच. मी त्याला बोलावलंच नव्हतं. आला आणि माझ्या चटणीत हळद घालत बसला. विचारलं, तर म्हणे हात सवयीनं गेला."

लमाईला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

गावातल्या दुकानात फोन होता. विहाराचा नंबर तिला पाठ होता. तिथल्या कुणीतरी इनथाला हाक मारली, पाण्यातून पळत येणाऱ्या पावलांची छपछप ऐकू आली आणि मग तो सावकाश आवाज.

"लमाई? तुम्ही कुठं आहात?"

"तुझ्या घरी." 'तू' कधी तोंडात आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"तुझ्या मावशीनं मला चिखल उपसायला लावलंय. मी आजच परत निघतो."

"अजिबात नाही. तू तिकडून निघशील, मी इकडून निघेन, आणि पुन्हा चुकामूक. तिथंच थांब. मीच येते."

"कधी?"

"तुझ्या आई म्हणतात, आठवडाभर राहा."

"आठवडा..." त्यानं तो शब्द एवढा ओढला, की आठवडा महिन्याएवढा झाला. "लमाई, मला निघतानाच बोलायचं होतं."

"मग आता बोल ना. लाइन केव्हाही तुटेल."

"मला तुझ्याशिवाय करमत नाही गं."

दुकानदार हिशेबात डोकं घातल्यासारखं करून ऐकत होता. लमाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "मलाही," ती पुटपुटली. खरखर वाढली, आवाज गेला, तरी ती फोन कानाला लावून उभी राहिली.

बाहेर त्याची आई थांबली होती. "काय म्हणाला?"

"वाट बघतो म्हणाला."

"बघू दे थोडी," म्हातारी म्हणाली आणि आपल्या अंगावरची शाल तिच्या खांद्यावर टाकली. "चल, भात निवतोय."

एवढी थंडी लमाईनं जन्मात अनुभवली नव्हती. तिनं शाल घट्ट ओढून घेतली. आठवडा लवकर संपावा आणि संपूही नये, असं एकदमच वाटत ती धुक्यातून घराकडे चालत राहिली.