राजा नको म्हटलेलं गाव

२०९४ सालापर्यंत मातीची साक्ष कोर्टात माणसाच्या साक्षीपेक्षा वरचढ ठरू लागली होती. माणूस जिथे राहतो तिथे थुंकतो, केस गाळतो, मरतो. त्याच्या जनुकांचे तुकडे चिकणमातीच्या कणांना शेकडो वर्षं चिकटून राहतात. थर एकेक उलगडून ते वाचायचं तंत्र म्हणजे मृदास्मृती.

भामरागडच्या जंगलातल्या हिदूरमेट गावाला ही साक्ष हवीच होती. नवा वारसा कायदा भलताच शहाणा होता! गोरे येण्याआधी ज्यांचं राज्य होतं, त्यांची जमीन त्यांची. बाकी सगळ्या भटक्या टोळ्या, त्यांचं जंगल खाणीला. आणि अडीचशे वर्षांपूर्वी कुणा साहेबानं लिहून ठेवलं होतं, 'इथे राजा नाही, दगडी भिंत नाही, म्हणजे समाजच नाही.' गडी इथे राहिला होता दोन दिवस, तेही तापानं फणफणत. पण लिहिलेलं ते लिहिलेलं.

मातीचे आणि गावकऱ्यांच्या रक्ताचे नमुने तपासून डॉ. सुलक्षणा देवधर ग्रामसभेच्या मांडवात अक्षरशः धावत आल्या. "सोमरीताई, जिंकलात! तुमच्या मोहाच्या बनाखाली नगर आहे. तट, कोठारं, राजा, सगळं! सहाशे वर्षांपूर्वीचं."

ग्रामसभेची अध्यक्ष सोमरी पुंगाटी हरखली नाही. "मग गेलं कुठं ते?"

"तेच तर नवल! लढाई नाही, रोगराई नाही, दुष्काळ नाही. लोकांनीच तट उतरवला. एकेक दगड वेगवेगळा नेऊन पुरला, वर मोह लावले. राजघराण्याला मारलंही नाही. त्यांची मुलंमुली घरोघरी सून-जावई झाली."

सोमरीच्या अंगावर काटा आला. हिदूरमेटमध्ये दगडावर दगड ठेवत नाहीत. घरं लाकडाची, बांबूची. पोरानं खेळताना खड्यांची उतरंड रचली तरी पाठीत धपाटा बसतो. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरचे मात्र पोटभर हसायचे.

"म्हणजे राजा करणं आम्हाला जमलं नाही असं नाही," ती म्हणाली. "करून पाहिला, आणि नको म्हटलं. शाबास रे माझ्या माणसांनो!"

"पण एक अडचण आहे," डॉक्टर चाचरल्या. "कायद्याला राजाचा एकच वारस लागतो. जमिनीचा पट्टा त्याच्या नावावर निघतो. आणि त्या घराण्याशी सगळ्यात जास्त जुळणारं रक्त तुमचं आहे."

सोमरीच्या बकरीनं वाल खाल्ले म्हणून सकाळीच तिला शिव्या घालणारे लालसूकाका बाजेवरून उठले. आयुष्यभर तिला 'ए पोरी' म्हणणारा म्हातारा. बाज पुढे सरकवून म्हणाले, "बसा."

सोमरीनं बाज मागे ढकलली. "काका, बसा खाली मुकाट्यानं! डॉक्टर, सहाशे वर्षांत एका राजाची लेकरं किती होतात?"

डॉक्टरांनी मनाशी हिशेब केला. "चोवीस पिढ्या, त्यात एवढंसं गाव. कुणाचं जास्त, कुणाचं कमी, पण वंशज सगळेच. एकूण एक."

"मग घाला सगळ्यांची नावं. एकशे त्रेचाळीस."

"वारसा कायद्याचा आयोग मानायचा नाही. जंगल हातचं जाईल."

"जाईल कसं? सगळ्यांचं म्हणून दिलं तर घेऊ. माझ्या एकटीचं म्हणून देणार असतील, तर यंत्रांपुढे आडवे पडू. ज्यांच्या पूर्वजांनी अख्खा तट उतरवला, त्यांना तुमचा एक कायदा उतरवता येत नाही होय?"

मांडव दणाणला. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे डॉक्टरांच्या यंत्रावर अंगठा द्यायला रांगेत उभे राहिले. सोमरीचा ऊर भरून आला.

तिचा सख्खा भाऊ पेका अंगठा देऊन झाल्यावरही हलेना. यंत्राच्या पडद्याकडे वाकून हळूच म्हणाला, "डॉक्टर, सगळ्यांचंच आहे, कबूल. पण तेवढं सांगा ना, लालसूकाकापेक्षा माझं जास्त आहे का?"

मागची रांग पुढे सरकली. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

सोमरीनं झडप घालून यंत्र बंद केलं, भावाला ढकललं, रांगेवर खेकसली. माणसं ओशाळून मागे झाली. पण आपलं सगळ्यात जास्त आहे हे तिला कळून चुकलं होतं, आणि काही केल्या ते विसरता येत नव्हतं.