सात जीबींचे रिकामपण

"आत काहीच नाहीये. फॉरमॅट मारतो, दोन मिनिटांचं काम," नौपाड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात पेनड्राइव्ह संगणकाला जोडत सहदेव म्हणाला.

साईनाथकाकांनी मान डोलावली. मे महिन्याच्या सुट्टीत पुतणी दक्षता आणि तिची मैत्रीण वर्षाली यांना त्यांनी सोबत आणले होते. बहुधा स्वतःच्या पराभवाला साक्षीदार हवेत म्हणून.

दक्षताची आजी रखमाबाई कोळीवाड्यातली धवलारीण. लग्नातला प्रत्येक विधी ती धवले, म्हणजे लग्नगीते, गाऊन पार पाडी. होळीनंतर ती गेली. तिच्या आवाजातले तेरा धवले फक्त या पेनड्राइव्हवर होते, आणि शुक्रवारी आत्याच्या लग्नात दक्षताची आई ते ऐकून, शिकून गाणार होती.

"काका, नक्की काय केलंत?" वर्षालीने विचारले.

"फोल्डरांवर बाण आलेले. म्हणजे व्हायरस, मला माहितीये. नेटवरून फुकटचा क्लीनर उतरवला नि साफ केलं."

आत्मविश्वास हा काकांचा जुना आजार. त्यावर क्लीनर निघालेला नव्हता.

वर्षालीची नजर पडद्यावरच्या निळ्या पट्टीवर खिळली. आठपैकी सात जीबी व्यापलेले.

"थांबा. रिकामा आहे, तर भरलाय कशाने?"

"एरर असेल गं, बाळा," सहदेव म्हणाला.

त्याचा हात माऊसकडे गेला. दक्षताने पेनड्राइव्ह उपसला आणि दोघी खोपटच्या दिशेने धावत सुटल्या. मागून काकांच्या चपला फटफटत होत्या.

"आपणच काढू या ना व्हायरस," दक्षता धापा टाकत म्हणाली. "व्हिडिओ असतात."

"काकांनीही व्हिडिओच पाहिला असणार."

वर्षालीची मावसबहीण संचिता खोपटला राही आणि महाविद्यालयात संगणक शिकवी. तिने आधी संपूर्ण पेनड्राइव्हची नक्कल केली, मग त्या नकलेला हात लावला.

"या व्हायरसने फाइली खाल्ल्या नाहीत, लपवल्या. त्यांच्या जागी बाणवाले खोटे फोल्डर ठेवले," ती म्हणाली. एकेक नाव उमटू लागले. बारा.

"तेरावा?" दक्षताने विचारले.

"तो व्हायरसने नाही, क्लीनरने पुसला. वर स्वतःचंच काही लिहून ठेवलंय. आता येणार नाही." मग, दारात घाम पुसणाऱ्या काकांना: "घरी साफ करायला बंदी नाही, काका. पण आधी नक्कल. आणि कळेनासं झालं की हात मागे."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

शुक्रवारी मांडवात वडीलधाऱ्यांनी दोघी मुलींच्या पाठी थोपटल्या. सर्वांत जोरात काकांनी. बारा धवले झाले. तेराव्याला दक्षताच्या आईने तोंड उघडले, मिटले. मांडव ताटकळला. मग दक्षताने आजीच्या मांडीवर ऐकलेली त्याची एकच ओळ म्हटली. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा काकांचा घोगरा आवाज तिच्यात मिसळला.

पुढची ओळ कुणालाच येत नव्हती.